धरणावर सावली किती हवी?

बुधवारची मधुमेहाची ओपीडी होती. नंबर पुकारला तसे आमचे नेहमीचे मामा आत आले. नाथसागराच्या काठावरच्या एका गावात राहतात. वय साठीच्या पुढे, धंदा पिढीजात मासेमारीचा. बारा वर्षांपासून साखरेच्या गोळ्या ते आमच्याकडूनच नेतात. पायाची जखम दाखवून झाली, केसपेपरवर औषधे लिहून झाली, तरी मामा उठेनात.

“मॅडम, एक विचारू का? औषधाचं नाही.”

“विचारा ना, मामा.”

“आमच्या धरणावर काचा अंथरून वीज काढणार म्हणतात. मग खालचं मासं जगंल का? अन् तेच पाणी नळानं तुमच्याकडं येतं. ते प्यायला चालंल का?”

बाहेर साठ-सत्तर रुग्ण थांबले होते. “पुढच्या महिन्यात या, तोवर वाचून ठेवते,” एवढेच मी म्हणाले. पण प्रश्न डोक्यात राहिला. पाणी प्यायला चालेल का आणि खालचा जीव जगेल का, हे दोन्ही प्रश्न मुळात डॉक्टरांचेच आहेत.

खरे तर वीज आणि पाणी हे दोन्ही विषय सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्याला रोज भेटतात. सन २००५-०६ च्या सुमारास मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. ग्रामीण भागात तेव्हा बारा-बारा तास भारनियमन असे. लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. त्यासाठीच्या खास फ्रीजला चोवीस तासांत किमान आठ तास तरी वीज मिळाली, तर त्यातला बर्फ उरलेला वेळ सांभाळून घेतो. उन्हाळ्यात ते आठ तासही सलग मिळत नसत. फ्रीजमधला तापमापक पाहायला आमची परिचारिका रात्री दोनदा उठायची.

पाण्याचेही तसेच. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पन्नास वाघिणींची एक गाडी साधारण २५ लाख लिटर पाणी आणायची. त्याआधी २०१३ च्या दुष्काळात परळीचे औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. कोळसा जाळून वीज करायची तर वाफेसाठी आणि थंड करण्यासाठी भरपूर पाणी लागते. केंद्र सरकारच्या २०१५ च्या नियमांनुसार जुन्या औष्णिक केंद्रांनी एका युनिटमागे जास्तीत जास्त साडेतीन लिटर पाणी वापरावे, अशी मर्यादा आहे. म्हणजे आपल्याकडे पाणी आटले की वीजही आटते. पाण्यावर तरंगणाऱ्या सौर पॅनेलांचा विचार या पार्श्वभूमीवर करायला हवा.

हे असते तरी काय?

छतावर दिसतात तीच ही सौर पॅनेल. फरक एवढाच की ती पाण्यावर तरंगणाऱ्या पोकळ प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांवर बसवलेली असतात. ठोकळे एकमेकांना जोडून मोठा तराफा तयार होतो. तो वाऱ्याने वाहून जाऊ नये म्हणून दोरांनी काठाला किंवा तळाशी सोडलेल्या वजनांना बांधतात. पाणी चढले-उतरले तरी तराफा वर-खाली होऊ शकेल, इतकी सैल दोरांना दिलेली असते. तयार झालेली वीज केबलमधून काठावर येते.

याची सुरुवात २००७ मध्ये जपानमधील आइची येथे एका छोट्या संशोधन प्रकल्पाने झाली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील एका द्राक्षबागेच्या तळ्यावर पॅनेल आली. वेलींची जमीन अडवायची नाही, हा मालकांचा हेतू होता. आपल्याकडे कोलकात्याजवळच्या न्यू टाऊनमध्ये १० किलोवॉटचा लहानसा प्रयोग झाला. मग २०१७ मध्ये केरळात वायनाडच्या बाणासुरसागर धरणावर ५०० किलोवॉटचा प्रकल्प सुरू झाला.

मामांच्या दृष्टीने जवळचे उदाहरण मात्र गोदावरीचेच आहे. आपली गोदावरी पैठण, नांदेड ओलांडून तेलंगणात उतरते. तिथे रामगुंडमला एनटीपीसीचे मोठे औष्णिक वीज केंद्र आहे. या केंद्रासाठी पाणी साठवणाऱ्या जलाशयावर १०० मेगावॉटचा तरंगता प्रकल्प उभा आहे. १ जुलै २०२२ पासून तो पूर्ण क्षमतेने चालू झाला. जवळपास ५०० एकर पाण्यावर त्याचे ४० भाग पसरले आहेत आणि प्रत्येक भागात ११,२०० पॅनेल आहेत. इन्व्हर्टर आणि ट्रान्सफॉर्मरसुद्धा काठावर न ठेवता सिमेंटच्या तरंगत्या चौथऱ्यांवर ठेवले आहेत.

उन्हाने तापलेले पॅनेल

ऊन जितके कडक तितकी वीज जास्त, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. त्याच्या वर प्रत्येक अंशाला वीज साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. मे महिन्यात मराठवाड्यात छतावरचे पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापले, तर बारा ते सोळा टक्के वीज तिथेच गेली. ताप चढलेल्या माणसाकडून नेहमीएवढे काम होत नाही, तसेच हे.

पाण्यावरची हवा तुलनेने थंड असते आणि वारा मोकळा असतो. त्यामुळे तिथले पॅनेल काही अंशांनी कमी तापते आणि थोडी जास्त वीज देते. हा फायदा जागेप्रमाणे आणि तराफ्याच्या बांधणीप्रमाणे बदलतो, पण बहुधा काही टक्क्यांचाच असतो. मोठा फायदा जमिनीचा आहे. जमिनीवर एका मेगावॉटला चार-पाच एकर लागतात. कोरडवाहू का होईना, ती कुणाची तरी शेती किंवा गायरान असते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट असावी. हे पॅनेलही रात्री वीज देत नाही. आमचा अतिदक्षता विभाग रात्रीही चालतो. म्हणून अशा प्रकल्पांची जोडी जलविद्युत केंद्राशी चांगली जमते. दिवसा उन्हावर वीज घ्यायची, धरणातले पाणी राखायचे आणि अंधार पडला की त्या पाण्यावर जनित्र फिरवायचे. मध्य प्रदेशात नर्मदेवरच्या ओंकारेश्वर धरणात ५२० मेगावॉटचे जलविद्युत केंद्र आधीपासून आहे. तिथल्या जलाशयावर ६०० मेगावॉटचा तरंगता प्रकल्प ठरला असून त्याच्या पहिल्या टप्प्यात २७८ मेगावॉट धरले आहेत.

धरणाचा घाम

अंगावरचा घाम वाळताना आपल्या शरीराची उष्णता घेऊन जातो. जलाशयाचेही तसेच. ऊन, वारा आणि कोरडी हवा मिळून पाण्याची वाफ करून नेतात. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये उघड्या पाण्याची पातळी दिवसाला एक सेंटिमीटरच्या आसपास नुसत्या बाष्पीभवनाने उतरते. ऐकायला एक सेंटिमीटर काहीच वाटत नाही. पण एक हेक्टर पाण्यावरचा एक सेंटिमीटर म्हणजे एक लाख लिटर. पंचवीस हेक्टरांवरून रोज लातूरची एक पूर्ण पाणीगाडी हवेत जाते.

पॅनेलने झाकलेल्या भागावर थेट ऊन पडत नाही आणि वाराही कमी लागतो. त्यामुळे वाफ कमी होते. रामगुंडमच्या प्रकल्पामुळे वर्षाला ३२.५ लाख घनमीटर, म्हणजे ३२५ कोटी लिटर पाणी वाचेल, असा अंदाज दिला गेला आहे. लातूरच्या त्या गाड्यांच्या हिशेबात या १,३०० गाड्या झाल्या.

आकडा मोठा आहे, पण त्याला मर्यादाही आहे. पाणी वाचते ते झाकलेल्या भागापुरतेच. समजा, उन्हाळ्यात एखाद्या धरणात १०० चौरस किलोमीटर पाणी उघडे आहे. दिवसाला एक सेंटिमीटर धरले, तर तिथून रोज १०० कोटी लिटर पाणी उडते. रामगुंडमएवढा प्रकल्प त्यातले जेमतेम दोन चौरस किलोमीटर झाकेल. त्यामुळे “तरंगत्या सौरऊर्जेने दुष्काळ हटेल” असे कुणी म्हणाले, तर विश्वास ठेवू नये.

धूर, पारा आणि मासे

डॉक्टर म्हणून मला यातला सर्वांत मोठा फायदा कोळशाच्या बाजूने दिसतो. देशातली बहुतांश वीज आजही कोळशातून येते. कोळसा जळताना निघणारे अतिसूक्ष्म कण केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याहूनही बारीक असतात. ते फुप्फुसाच्या शेवटच्या पिशवीपर्यंत पोचतात आणि काही रक्तातही उतरतात. दमा, जुनाट खोकला, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात या सगळ्यांशी त्यांचा संबंध सिद्ध झालेला आहे. रामगुंडमच्या तरंगत्या प्रकल्पामुळे वर्षाला सुमारे १ लाख ६५ हजार टन कोळसा कमी जळेल, असा अंदाज आहे. तेवढा धूर आणि तेवढी राख आजूबाजूच्या माणसांच्या वाट्याला येणार नाही.

मासेमारांसाठी यात आणखी एक मुद्दा आहे. कोळशात अत्यल्प प्रमाणात पारा असतो. तो धुरातून हवेत जातो, पावसाबरोबर तळ्यात-धरणात उतरतो, तिथले जिवाणू त्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात आणि तो माशांच्या अंगात साठत जातो. मोठा मासा लहान माशाला खातो, म्हणून मोठ्यात जास्त साठतो. गर्भातल्या बाळाच्या मेंदूला हा पारा घातक असतो. कोळसा कमी जळणे माशांच्या आणि मासे खाणाऱ्यांच्याही भल्याचे आहे.

पाणी प्यायला चालेल का?

पूर्वी जलविद्युत प्रकल्पांबद्दल गावोगावी एक शंका ऐकू यायची, की पाण्यातली वीज काढून घेतल्यावर पाण्यात सत्त्व काय उरणार? सौर पॅनेल तर पाण्यातून काहीच काढत नाही. वीज उन्हातून येते, पाणी फक्त बैठक देते.

मग पॅनेलमधून पाण्यात काही उतरते का? तरंगते ठोकळे बहुधा एचडीपीई या प्लॅस्टिकचे असतात. पाणीपुरवठ्याचे काळे पाइप याच जातीचे असतात. पॅनेलमधला मुख्य पदार्थ सिलिकॉन, म्हणजे वाळूचाच भाऊबंद, आणि तो काचेत सीलबंद असतो. जोडकामात थोडे शिसे असू शकते. म्हणून फुटलेले पॅनेल पाण्यात तसेच पडू देता कामा नये, ते लगेच काढायला हवे. पॅनेल धुताना साबण किंवा रसायन वापरू नये. पक्षी पॅनेलवर बसणार आणि त्यांची विष्ठा पाण्यात जाणार, हेही उघड आहे. ती आजही जाते, पण उपसा विहिरीच्या तोंडाजवळ पॅनेल नसावीत, एवढे पथ्य पाळलेले बरे.

सिंगापूरने हा प्रश्न नीट सोडवून दाखवला आहे. तिथल्या टेंगे जलाशयावर जुलै २०२१ मध्ये ६० मेगावॉट क्षमतेचा तरंगता प्रकल्प सुरू झाला. जलाशय पिण्याच्या पाण्याचा आहे. त्यांनी आधी त्याच पाण्यावर छोटा प्रकल्प उभारून निरीक्षणे घेतली, अन्नासाठी चालणाऱ्या प्रतीचे प्लॅस्टिक निवडले, हवा आणि उजेड खाली जावा म्हणून पॅनेलांमध्ये फटी ठेवल्या आणि पाण्यातला प्राणवायू टिकावा म्हणून यंत्रेही बसवली. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रांना लागणाऱ्या विजेइतकी वीज तिथे तयार होते.

सावलीचा आरोग्याला एक फायदाही होऊ शकतो. उन्हाळ्यात पाणी कमी होते, तापते, त्यात सांडपाणी आणि शेतातले खत उतरलेले असते. अशा पाण्यावर निळे-हिरवे शेवाळ माजते. खरे तर हे शेवाळ नसून जिवाणू असतात आणि त्यांच्या काही जाती यकृतावर घाला घालणारे मायक्रोसिस्टिन नावाचे विष तयार करतात. १९९६ मध्ये ब्राझीलमधील करुआरू शहरात एका डायलिसिस केंद्राला अशा जलाशयाचे नीट शुद्ध न केलेले पाणी मिळाले. डायलिसिसच्या एका बैठकीत रुग्णाच्या रक्ताचा सुमारे १२० लिटर पाण्याशी पातळ पडद्याआडून संबंध येतो. तिथल्या १३१ रुग्णांपैकी १०० जणांचे यकृत निकामी झाले आणि किमान ५२ मृत्यू या विषामुळे झाल्याचे निष्पन्न झाले. आमच्या डायलिसिस विभागातल्या प्रत्येक नव्या तंत्रज्ञाला मी ही हकीकत सांगते.

पाण्यावर सावली असेल तर या जिवाणूंना उजेड कमी मिळतो आणि त्यांची वाढ मंदावू शकते. पण रोगाचे मूळ सांडपाण्यात आणि खतात आहे. ते न थांबवता नुसती सावली धरणे म्हणजे तापावर फक्त ओली पट्टी ठेवणे. वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे, की पाण्यावर हिरव्या रंगाची साय आल्यासारखी दिसली, तर ते पाणी पिऊ नये, त्यात पोहू नये आणि जनावरांनाही पाजू नये. उकळल्याने हे विष नष्ट होत नाही.

मासे आणि मात्रा

आता मामांचा पहिला प्रश्न. पाण्यातले सूक्ष्म हिरवे जीव उजेडात प्राणवायू तयार करतात. वारा पृष्ठभाग ढवळतो, तेव्हाही हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळतो. पॅनेल उजेडही अडवते आणि वाराही. पाण्यातला प्राणवायू कमी झाला की मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करतात. हे कुठल्याही मासेमाराला सांगायला नको.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी लहान तळ्यांचा ७० टक्के भाग तरंगत्या पॅनेलांनी झाकून पाहिला. पाण्यातला प्राणवायू घटला आणि तळ्यांमधून बाहेर पडणारे हरितगृह वायू सुमारे २७ टक्क्यांनी वाढले. याचा अर्थ पॅनेल वाईट असा नाही. ७० टक्के ही मात्रा त्या तळ्यांना जास्त झाली, असा आहे.

मात्रेचे गणित आमच्या धंद्यात रोजचे आहे, आणि इथे एक गफलत होण्याची भीती मला वाटते. नाथसागर पूर्ण भरला की त्याचे पाणी सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरते. समजा, त्यावर हजार मेगावॉटचा प्रकल्प आला. रामगुंडमच्या हिशेबाने त्याला ५,००० एकर, म्हणजे साधारण २० चौरस किलोमीटर लागतील. भरलेल्या धरणाचा हा सहा टक्केसुद्धा भाग नाही. कागदावर मात्रा अगदी सौम्य दिसते. पण हे धरण परातीसारखे उथळ आहे. दुष्काळी वर्षात पाणी आत सरकत जाते आणि उघड्या पडलेल्या गाळावर लोक गाळपेर करतात. तेव्हा समजा १०० चौरस किलोमीटर पाणी उरले, तर तीच पॅनेल त्याचा वीस टक्के भाग व्यापतील. शिवाय पॅनेल खोल पाण्यातच ठेवावी लागतात आणि उन्हाळ्यात मासेही त्याच खोल पाण्यात गोळा होतात.

मूत्रपिंड निम्मे चालत असलेल्या रुग्णाला आम्ही धडधाकट माणसाचा डोस देत नाही. त्याच्या आजच्या रक्तचाचणीवरून डोस ठरवतो. धरणावर किती पॅनेल घालायची, हेही भरलेल्या धरणावरून न ठरवता सर्वांत वाईट वर्षातल्या मे महिन्याच्या पाण्यावरून ठरवायला हवे.

वादळ आणि विजेचा धक्का

जपानमध्ये चिबा प्रांतातील यामाकुरा धरणावर १३.७ मेगावॉटचा प्रकल्प २०१८ मध्ये सुरू झाला. ९ सप्टेंबर २०१९ रोजी आलेल्या चक्रीवादळात त्याची बांधणी सुटली, पॅनेल एकमेकांवर चढली आणि त्यांना आग लागली. चारही बाजूंना पाणी असताना आग लागली, कारण ऊन आहे तोवर पॅनेल वीज तयार करतच राहते. घरातल्या दिव्यासारखा खटका दाबून ते बंद करता येत नाही.

काठावरच्या लोकांसाठी यातून काही साधे नियम निघतात. तराफ्याला होडी किंवा थर्माकोलचा चप्पू बांधू नये. त्याच्या सावलीत जाळे टाकू नये. वादळानंतर वाहून आलेले पॅनेल किंवा केबल दिसली, तर हात न लावता प्रकल्पाच्या लोकांना कळवावे. फुटक्या पॅनेललाही दिवसा धक्का असतो. तिथे काम करणाऱ्या मजुरांना लाइफ जॅकेट, सोबतीला दुसरा माणूस, दुपारच्या उन्हात विश्रांती आणि कृत्रिम श्वास देण्याचे प्रशिक्षण मिळायला हवे. पाणी आणि वीज एकत्र असलेल्या ठिकाणी रुग्णवाहिका येईपर्यंतची पहिली चार-पाच मिनिटेच जीव वाचवतात.

काठावरच्या माणसांचे काय?

जायकवाडीवर तरंगता सौर प्रकल्प करण्याचा प्रस्ताव आल्यावर मासेमारी करणाऱ्या कहार समाजाच्या संघटनेने राष्ट्रीय हरित लवादाकडे आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. लवादाने त्यांचे म्हणणे फेटाळले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करण्यास नकार दिला. देशाला स्वच्छ वीज हवी, यात दुमत नाही. जायकवाडी हे १९८६ पासून पक्षी अभयारण्यही आहे. हिवाळ्यात तिथे दूरदेशीचे पक्षी उतरतात, त्यांचाही विचार प्रकल्पाच्या आखणीत व्हावा लागेल.

न्यायालयात प्रश्न कायद्याचा असतो. ओपीडीत तो वेगळ्या रूपात येतो. मासेमाराचे उत्पन्न थांबले की आधी त्याच्या गोळ्या बंद होतात. मग घरातल्या ताटातला मासा जातो. गरिबाच्या घरातली ती सर्वांत चांगली प्रथिने असतात. मग कुटुंब ऊसतोडीला किंवा शहरात जाते आणि क्षयरोगाचा, मधुमेहाचा, गरोदर बाईच्या तपासणीचा पाठपुरावा तुटतो. हे मी दुष्काळात पाहिले आहे. तेव्हा मासेमारीचे नुकसान हा आरोग्याचाही विषय आहे, आणि ते प्रकल्पाच्या खर्चात आधीच धरायला हवे.

त्यासाठी काय करता येईल? मासेमारीच्या जागा आणि माशांच्या विणीच्या जागा मासेमारांबरोबर बसून नकाशावर आखाव्यात आणि त्या मोकळ्या ठेवाव्यात. पॅनेल धुणे, होडीने गस्त, देखभाल ही कामे आधी त्यांच्याच मुलांना शिकवावीत. पॅनेल टाकण्याआधी किमान एक पूर्ण वर्ष पाण्याची तपासणी व्हावी. प्राणवायू, शेवाळ, जिवाणू, शिसे या सगळ्यांची नोंद असावी. मग दर महिन्याला त्याच जागी तीच तपासणी व्हावी आणि तिचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लागावेत. औषध सुरू करण्याआधीचा रक्ताचा रिपोर्ट नसेल, तर नंतर झालेला त्रास औषधाचा की आजाराचा, हे कुणालाच सांगता येत नाही.

आणि सगळ्या जागा सारख्या नसतात. ज्या पाण्यावर कुणाचे पोट नाही, तिथून सुरुवात करणे शहाणपणाचे. रामगुंडमचा जलाशय वीज केंद्राच्या कामाचा आहे. विशाखापट्टणमजवळ सिंहाद्री औष्णिक केंद्राच्या जलाशयावर २०२१ मध्ये २५ मेगावॉटचा प्रकल्प झाला. चीनमध्ये हुआइनान येथे कोळशाच्या खाणी खचून झालेल्या तळ्यावर २०१७ मध्ये ४० मेगावॉटची पॅनेल बसवली गेली. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात २०१२ मध्ये नर्मदा कालव्याच्या ७५० मीटर लांबीवर पॅनेलांचे छप्पर घालून एक मेगावॉटचा प्रकल्प उभारला गेला. आपल्याकडेही औष्णिक केंद्रांचे जलाशय, पाण्याने भरलेल्या बंद खाणी, जलशुद्धीकरणाचे तलाव आणि कालवे कमी नाहीत.

महिन्याने मामा पुन्हा आले. पायाची जखम भरत आली होती. मी त्यांना थोडक्यात सांगितले. पाणी बिघडणार नाही, नीट लक्ष ठेवले तर. मासे जगतील, पॅनेल मापात घातली आणि जागा बघून घातली तर. आणि मे महिन्यात पाणी कुठवर असते, हे अधिकाऱ्यांना तुमच्याइतके कुणीच सांगू शकणार नाही. तेव्हा ग्रामसभेत मोजणीच्या तारखा आणि तपासणीचे आकडे मागा.

मामांनी केसपेपर घडी करून खिशात ठेवला.

“म्हणजे धरणाची पण तपासणी आमच्यासारखी दर महिन्याला करायची म्हणा की.”

“हो मामा. आणि रिपोर्ट नातेवाइकांना दाखवायचा.”

“नातेवाईक म्हणजे आम्हीच की,” ते म्हणाले आणि औषधाच्या खिडकीकडे निघाले.